फक्त विनोदवीर नव्हेत!

‘ऐसी तैसी डेमोक्रसी’ या राजकीय विनोद आणि गाण्यांच्या कार्यक्रमावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात त्याला ‘तीन विनोदवीरांचा कार्यक्रम’ म्हटलंय ते खटकलं. तिघांपैकी राहुल राम हा मुळात इंडियन ओशन बँडचा बेस गिटारवादक आणि गायक. मला विचाराल तर कार्यक्रमाचा कणा तोच. संजय राजौरा सॉफ्टवेअरची नोकरी सोडून विनोदाकडे आलेला, वरुण ग्रोवर गीतकार. ते दोघं बोलून चिमटे काढतात आणि मग हा दाढीवाला बाबा गिटार घेऊन जुनी फिल्मी चाल उचलतो. ‘मेरे सामने वाली खिडकी में’ची चाल प्रत्येकाच्या ओठांवर असते. त्यात खिडकीच्या जागी भारत-पाकिस्तानची सरहद्द बसवली की माणूस आधी गुणगुणतो आणि मग दचकतो. नुसत्या भाषणाला तेवढी टोचणी नसती. विडंबनगीताची ही ताकद आपल्याला अत्र्यांपासून ठाऊक आहेच म्हणा.

लेखात आणखी एक राहून गेलं. हा राहुल राम अमेरिकेत कॉर्नेलला पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. करून परतला आणि १९९० च्या दशकात काही वर्षं नर्मदा बचाओ आंदोलनात होता. म्हणजे आपल्या नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याची गावं ज्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात गेली, त्याविरुद्धचाच लढा. त्यामुळे तो सरकारवर गातो तेव्हा मला ते ‘प्रक्षोभक’ वगैरे वाटत नाही, जुनी ओळख वाटते.

बाकी शिव्या जरा कमी चालल्या असत्या. घरच्यांसोबत बघताना दोनदा आवाज बंद करावा लागला, आणि नेमकी आईच म्हणाली, “अरे, लाव की!”