गतिरोधक मागताय ना, मग एक तास रस्त्यावर उभे राहाल का?

जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय, गाड्या किती सुसाट येतात आणि महापालिकेनं अजून एक गतिरोधक टाकायला पाहिजे. अर्धे म्हणतात टाका, अर्धे म्हणतात आहेत त्यांनीच कंबर मोडली, आणि शेवटी सगळे मिळून पोलिसांना शिव्या देतात. मी इंग्लंडमध्ये राहतो पण आईवडील तिथंच आहेत, म्हणून बोलतोय.

गतिरोधकाला माझा विरोध नाही. पण नियमातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, आपल्याकडं रात्रीतून डांबराचा ढीग पडतो, ना पट्टे ना बोर्ड, आणि टू-व्हीलरवर मागं एका बाजूला बसलेली बाई तिथंच पडते.

इथं कम्युनिटी स्पीडवॉच म्हणून प्रकार आहे. गावातलेच लोक, बरेचसे रिटायर्ड, पोलिसांकडून ट्रेनिंग घेतात, पिवळी जॅकेटं घालून पोलिसांनी ठरवलेल्या जागी स्पीड गन घेऊन उभे राहतात. मीपण जातो. गाडी अडवायची नाही, वाद घालायचा नाही, फक्त नंबर, मॉडेल, रंग आणि वेग लिहायचा. नंतर पोलिस मालकाच्या घरी पत्र पाठवतात, दंड नाही, फक्त ताकीद, परत परत सापडला तर मग पोलिस दारात. इथल्या ड्रायव्हिंगच्या पुस्तकाप्रमाणं ताशी ३२ किलोमीटरला गाडी थांबायला १२ मीटर लागतात, ४८ ला २३. मधल्या ११ मीटरमध्ये शाळेचं पोरगं असू शकतं.

२०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली सत्तर टक्क्यांवर अतिवेगामुळं असं सरकारी अहवालच सांगतो. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमध्ये १,७११. आपली लोकसंख्या वीसेक पट आहे, मृत्यू जवळजवळ शंभर पट. हे वाचून माझा जीव तुटतो.

आता हे सगळं जसंच्या तसं सोलापुरात चालणार नाही हे मलाही कळतं. गाडी विकून वर्षं झाली तरी नाव जुन्याच मालकाचं, नंबर प्लेटवर नंबर सोडून 'दादा' लिहिलेलं, आणि अनोळखी पोराला हटकलं तर तो गाडी थांबवून अंगावर येणार. म्हणून अडवायचं नाहीच. पण आपल्याकडं एक गोष्ट इथल्यापेक्षा जोरदार आहे, गाडी पोरगं पळवतं आणि ती असते बापाच्या नावावर. पत्र बापाच्या हातात पडेल. पोरगं अठराच्या आतलं असेल तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे कॉलनीतल्या किती जणांना माहितीय?

स्पीड गन नाही म्हणून अडायचं कारण नाही. वाहतूक शाखेकडून लेखी परवानगी घ्या, रस्त्याकडेला ५० मीटरवर दोन खुणा करा आणि मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. सहा सेकंदात पार झाली तर ताशी ३०, तीन सेकंदात झाली तर ६०. शाळा सुटायच्या वेळेला तासभर, तिघं-चौघं, आणि भरलेली वही महिन्याच्या शेवटी वाहतूक शाखेत नेऊन द्यायची. गतिरोधक मागायचाच असेल तर तो कुठं पाहिजे हे त्या वहीतूनच दिसेल.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला मी येतोय, जॅकेटं मी घेऊन येतो, तोपर्यंत कोण कोण उभं राहणार त्यांनी ग्रुपवर नावं टाका.