निरंक

आज १५ जानेवारी. ऑलिम्पिक पदकवाले पैलवान खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस, म्हणजे राज्य क्रीडा दिन. सकाळी एका मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो होतो, दादाचा सत्कार होता म्हणून. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, वय ४८. जुन्या कुस्तीशौकिनांना ओळख सांगायला नको. बाकीच्यांनी त्याचे मोडलेले कान बघावेत, कळेल.

शाल, श्रीफळ, फेटा, सगळं रीतसर झालं. निवेदकानं "लाल मातीतला वाघ" म्हणून घसा फोडला, टाळ्या पडल्या. दादा स्टेजवरनं खाली उतरतोय तोवर संयोजकांतला एक पोरगा आला आणि म्हणाला, "पैलवान, जरा गेटवर थांबता काय? पोरं आत घुसायलीत."

आणि दादा गेला की! डोक्यावर फेटा, अंगावर शाल, नारळ कुठं ठेवायचा कळेना म्हणून काखेत, असा तासभर गेटवर उभा.

तेव्हापासनं डोकं फिरलंय. दुकानात गिऱ्हाईक उभं आहे आणि मी हे टाईप करत बसलोय. बसू दे त्याला.

माझं झेरॉक्स आणि फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, बहुतेकांना माहीत आहे. २००९ साली दादा माझ्याकडं फॉर्म भरायला आला होता. गुडघ्याचं लिगामेंट गेलं, डॉक्टरांनी हात जोडले, वय ३१. एका ठिकाणी सुपरवायझरची जागा निघाली होती. घरी बसून पेननं कच्चा फॉर्म भरून आणला होता त्यानं. अक्षर शाळेतल्या पोरासारखं, ओळीच्या खाली-वर. नाव, गाव, शिक्षण बारावी, आणि 'अनुभव' या रकान्यात लिहिलं होतं, '१६ वर्षे'.

१६ वर्षे. त्यानं हिशेब घातला होता. पंधराव्या वर्षी तालमीत राहायला गेला, तिथनं धरून.

पक्का फॉर्म गेला तेव्हा त्या रकान्यात 'निरंक' होतं.

मला हेच कळत नाही. पहाटे चारला उठून आखाडा खणायचा, जोर-बैठका मारायच्या, दुपारी खुराक, संध्याकाळी परत लढत. राज्य अजिंक्यपद तीनदा, राष्ट्रीयला दोनदा. वस्ताद आजारी पडले तेव्हा दोन वर्षं तालीम यानंच सांभाळली. चाळीस पोरं. कुणाचं दूध किती, कुणाचे बदाम संपले, कुणाच्या बापानं महिन्याचे पैसे पाठवले नाहीत, कुणाची कुणाशी जुंपली, सगळं एका वहीत. मैदान ठरवायचं, जोडी लावायची, इनामाच्या पैशावरनं भांडणं लागली की मिटवायची. एमबीए केलेली पोरं यालाच मॅनेजमेंट म्हणतात आणि त्याचा पगार घेतात. आणि आपल्याकडं? निरंक.

आता कोण तरी खाली लिहिणारच, खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पैलवान विजय चौधरी, राहुल आवारे डीवायएसपी झाले, धावपटू ललिता बाबरला मोठी पोस्ट मिळाली. झाली. आनंदच आहे. पण ती शिखरावरची माणसं. आणि त्या ५ टक्क्यांत ट्रॅम्पोलिनची, म्हणजे जाळीवर उड्या मारायच्या खेळाची, बोगस प्रमाणपत्रं घेऊन कोण कोण घुसलं तेही पेपरात वाचलंय सगळ्यांनी. खरा खेळाडू पडताळणीच्या खेपा मारतोय आणि ज्यानं ट्रॅम्पोलिन बघितलं नाही तो कामावर रुजू!

आणि शिखरावरच्यांचं तरी काय सोनं झालं? खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ आणलं. मिरवणुकीला शंभराच्या वर बैलगाड्या होत्या. पोलिसात फौजदार म्हणून घेतलं कधी? १९५५ ला. गाड्या जोडायला एक दिवस आणि नोकरी द्यायला तीन वर्षं. पुढं पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं, आणि अर्जुन पुरस्कार दिला तो माणूस गेल्यावर. आज त्यांच्याच फोटोला हार घालून दादाला गेटवर उभं केलं.

आपल्या कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेचं बघा. पॅरिस ऑलिम्पिकचं ब्राँझ २०२४ चं, पण रेल्वेतली टीसीची नोकरी त्याच्या कितीतरी आधीची. उद्या रायफल खाली ठेवली तरी त्याला स्वतःचं टेबल आहे. हे खेळत असतानाच व्हायला लागतं. गुडघा गेल्यावर नाही. पैलवान तिशीला संपतो हे वस्तादालाही माहीत असतं आणि बापालाही, पण तालमीत तो विषय काढायचा नाही. काढला की "मन लढतीवरनं उडंल". वा रे वा. मन उडू नये म्हणून पोराला आंधळा ठेवायचा.

केंद्र सरकारनं २०२४ च्या राष्ट्रीय क्रीडा दिनाला निवृत्त खेळाडूंसाठी रीसेट नावाचा अभ्यासक्रम काढलाय, थोडा ऑनलाइन, थोडा प्रत्यक्ष. चांगली गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. पण दादाला ते सांगितलं तर तो म्हणाला, "मला मेल आयडी कुठाय?" काढून दिला मी. पासवर्ड तालमीचं नाव ठेवलंय. (आता बदलायला लागणार.)

चूक पैलवानांचीही आहे, हे मान्य. पुढाऱ्यांच्या मागं गाडीत बसून फिरण्यात काहींची दहा-दहा वर्षं गेली. शिकायचा कंटाळा. व्यायाम सुटतो, खुराक सुटत नाही, मग शुगर. दादाचीही तीच गत झाली. सुपरवायझरची जागा गेलीच. मग दुधाचा धंदा केला, बुडाला. आता एक पतसंस्था वसुलीला जाताना त्याला बरोबर नेते. काम काय? काही नाही. दारात उभं राहायचं. बोलायचंही नाही. एकदा एका म्हातारीनं त्याला चहा दिला, तो पिऊन आला आणि दोन दिवस जेवला नाही. वहिनी सांगत होती.

एवढा वेळ मी लोकांना शिव्या देतोय, पण एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली कसली, टाळत होतो.

ते 'निरंक' मीच टाईप केलं होतं.

कुणा साहेबानं खोडलं नव्हतं. दादा समोर स्टुलावर बसला होता, स्टूल त्याच्याखाली करकरत होतं. मी त्याचा कच्चा फॉर्म वाचला आणि हसलो. हसलो हो. म्हटलं, "दादा, कुस्ती म्हणजे अनुभव नसतो, नोकरीचा लिहायचा असतो." तो म्हणाला, "मग काय लिवायचं?" मी म्हटलं, "निरंक." त्यानं विचारलं, "निरंक म्हंजे?" मी म्हटलं, "म्हणजे काही नाही."

तो "बरं" म्हणाला. एवढंच. चार प्रिंटचे आठ रुपये टेबलावर ठेवून गेला, मी नको म्हणत असताना.

वहीचं मला तेव्हाही माहीत होतं. दोन वर्षं तालमीच्या हिशेबाच्या त्या वहीची झेरॉक्स माझ्याच मशिनवर व्हायची. 'निवासी प्रशिक्षण केंद्र, व्यवस्थापन, ४० प्रशिक्षणार्थी' असं टाईप करायला मला दोन मिनिटं लागली नसती. रोज लोकांचे फॉर्म भरतो, साध्या माणसाचं सरकारी भाषेत करून देणं हाच माझा धंदा. परक्यांना करून दिलं. सख्ख्यासारख्या भावाला सुचलं नाही. त्या गेटवरच्या पोराला मी काय बोलू?

गिऱ्हाईक गेलं वाटतं कंटाळून.

एका शाळेत क्रीडा मार्गदर्शकाची मानधनावरची जागा निघालीय, आमच्याच दुकानात जाहिरात आलीय. सोमवारी शेवटची तारीख. दादाला उद्या अकराला बोलवलंय. कशाला ते सांगितलं नाही, सांगितलं तर येणार नाही. मशिन हलवायचंय म्हणून सांगितलंय. तेवढ्यासाठी तो नक्की येतो.