आमचं जंगल पानझडीचं आहे, वाळलेलं नाही

आज चंद्रपूरहून येताना एका रिसॉर्टचा नवा फलक दिसला, ‘रेनफॉरेस्टमध्ये आपले स्वागत’. मागे सागाचे नुसते खराटे उभे! एप्रिलचं ऊन मी म्हणतंय आणि यांचं रेनफॉरेस्ट. डोकंच फिरलं.

अरे, रेनफॉरेस्ट म्हणजे वर्षावन. वर्षाला साधारण २००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक महिने पडणारा. झाडांचे थरावर थर, जमिनीवर ऊन पोचायची मारामार. ॲमेझॉन, काँगो, बोर्निओ. आपल्याकडे अंदमान, ईशान्य भारत, सह्याद्रीचे काही भाग. शिम्पर नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये हा शब्द वापरला तो असल्या जंगलासाठी. श्रावणात भामरागडकडे सगळं हिरवंगार असतं, पाऊसही दणकून पडतो, मान्य. पण तो जून ते सप्टेंबर. पुढचे आठ महिने झाडांनी काय करायचं?

हे माझ्या आजीला कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणी तिच्यासोबत पहाटे मोहफुलं वेचायला जायचो. पाचोळा असा वाजायचा की अस्वल आलं तर आधी कानाला कळायचं. एकदा विचारलं, आजी, जंगल मेलं का वं? तिने सागाची एक कोवळी फांदी नखाने खरवडली. आत हिरवीगार, ओली. म्हणाली, “पान गेलं म्हंजे झाड गेलं का बापा? पाणी वाचवते ते.”

तेच आहे. पानातून पाणी उडतं, म्हणून ओल सरत आली की साग, सालई, धावडा पानं टाकून देतात. त्याच उन्हात पळस फुलतो, आणि कुसुमाला पावसाची वाट न पाहता लालभडक पालवी फुटते. ताडोबाचा वाघ याच जंगलात वाढतो.

रिसॉर्टवर आपलीच पोरं कामाला आहेत, चार पैसे घरी येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण हिरवं तेच जंगल असं पाहुण्यांच्या डोक्यात भरवलं की आमचं जंगल ओसाड ठरतं. आणि ओसाड म्हटलं की खाणीला द्यायला कोणाचा हात थरथरत नाही! या ‘वाळलेल्या’ जंगलावर गावाचा उन्हाळा निघतो. आधी मोह, मग चारोळी, मेमध्ये तेंदूपत्ता. आजीच्या मोहाच्या पैशातूनच जूनमध्ये माझी वह्या-पुस्तकं यायची.

पुढच्या ग्रामसभेत कोणी ‘तिथं काय उरलं, नुसती लाकडं’ म्हणालं, तर मी उठून बोलणार आहे. तुम्हीही या.