‘अमली’ हाच शब्द का?

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. एमडी या नशेच्या पदार्थावरच्या लेखात मी सगळीकडे ‘अमली पदार्थ’ म्हटलं. तो ढोबळ, वर्तमानपत्री शब्द असून कायद्यातला ‘गुंगीकारक’ हाच नेमका, असं तुमचं म्हणणं. दारूलाही मी अमली म्हटलं, तेही तुम्हाला खटकलं.

१९८५च्या कायद्याचं मराठी नाव पूर्ण वाचा : ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’. हे दोन निराळे वर्ग आहेत आणि ते गुंगी येते की नाही यावरून पाडलेले नाहीत. संयुक्त राष्ट्रांचे दोन करार झाले. १९६१च्या करारात मुख्यतः अफू, कोका, गांजा आणि त्यांपासून निघणारी द्रव्यं. १९७१च्या करारात बहुतेक प्रयोगशाळेत बनणारी. आपला कायदा त्याच वाटेने गेला. म्हणून झोप उडवणारं कोकेन कायद्याच्या लेखी गुंगीकारक, आणि झोप आणणारं डायझेपाम मात्र दुसऱ्या वर्गात! एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २०१५मध्ये कायद्यात आलं तेही या दुसऱ्याच वर्गात. तुमचीच कसोटी लावली तरी त्याला गुंगीकारक म्हणता येत नाही.

अंमल म्हणजे सत्ता. पेशव्यांचा अंमल म्हणतो आपण, आणि अफूचा अंमल चढला असंही म्हणतो. पदार्थ झोपवतो की जागवतो हे ‘अमली’ सांगत नाही. माणूस त्याच्या ताब्यात गेला, एवढं सांगतो. म्हणून तो अफूला, एमडीला, एलएसडीला सारखाच लागू पडतो. दारूचा कायदा वेगळा आहे, पण अंमल तिचाही चढतोच. ‘मादक’चा विचार मी केला होता, पण डोळ्यांच्या आणि अत्तराच्या वर्णनात तो इतका रुळलाय की त्यातला धोका जाणवत नाही.

माझा आग्रह आहे तो पालकांसाठी. ‘गुंगीकारक’ वाचलं की आईवडील पेंगणारं, सुस्त मूल डोळ्यांपुढे आणतात. एमडी घेतलेलं मूल रात्र रात्र जागतं, अखंड बोलत सुटतं, त्याची भूक मरते. परीक्षेच्या दिवसांत घरच्यांना वाटू शकतं, पोर जागून अभ्यास करतंय. मग लक्षात यायला फार उशीर होतो.

त्यामुळे लेखातला शब्द तसाच ठेवतो आहे. कलमं आणि शिक्षा यांवर लिहीन तेव्हा कायद्याचं नाव दोन्ही वर्गांसकट पूर्ण देईन.