मायामीतला तो शेवटचा शॉट आणि पुढचा हंगाम: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. एनबीएतल्या वॉशिंग्टन विझर्ड्स या आपल्या बास्केटबॉल संघाच्या पुढच्या, म्हणजे २०२५-२६ च्या, हंगामावर मी जे लिहिलं, त्यावर इतकं सविस्तर आणि इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. २०२५-२६ मध्ये विझर्ड्स २८ सामने जिंकतील, संघ योग्य वाटेवर आहे आणि आपण धीर धरावा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं : दोन हंगामांत १६४ पैकी ३३ सामने जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्यांना ‘धीर’ हा शब्द ऐकवणं हा अपमान आहे. हरण्याला योजना म्हणायचं हे व्यवस्थापनाचं काम, चाहत्याचं नव्हे. डेट्रॉइटने एका वर्षात १४ विजयांवरून ४४ गाठले, ते आपल्याला का जमत नाही? आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘तुम्ही टँकिंगचं समर्थनही करता आणि कॅरिंग्टनच्या शॉटवर उड्याही मारता. दोन्ही एकदम कसं चालतं?’

टँकिंग म्हणजे ड्राफ्टमध्ये, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, वरचा क्रमांक मिळावा म्हणून मुद्दाम हरणं. बाकी सगळ्यापेक्षा हा शेवटचा प्रश्न मला लागला. तिथूनच सुरू करतो.

तो शॉट ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी : एप्रिल २०२५, हंगामातला शेवटचा, ८२वा सामना, मायामीत. हरण्यातच संघाचा फायदा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आणि घड्याळ संपता संपता १९ वर्षांच्या बब कॅरिंग्टनने बास्केट केली, आपण एका गुणाने जिंकलो. त्यामुळे आपली नोंद १८-६४ (१८ विजय, ६४ पराभव) झाली, युटा जॅझ संघाची १७-६५ राहिली. युटा सर्वांत तळाला आणि आपण तळातून दुसरे. मे महिन्यात ड्राफ्टमधला क्रम ठरवणारी लॉटरी निघाली तेव्हा दोघांचंही नशीब फुटलं. डॅलसने अवघ्या १.८ टक्के शक्यतेवर पहिला क्रमांक पटकावला आणि त्यांना त्या वर्षीचा सर्वांत चर्चेतला नवखा कूपर फ्लॅग मिळाला. युटा घसरून पाचवं आलं, आपण सहावे. नियमाने दोघंही यापेक्षा खाली जाऊच शकत नव्हते. त्या शॉटने एक जागा घालवली असं तुम्ही म्हणता. अगदी काटेकोर सांगायचं तर हरलो असतो तर नोंद बरोबरीत आली असती आणि पाचवं कोण, सहावं कोण हे सोडतीवर ठरलं असतं. म्हणजे गेली ती अर्ध्या जागेची आशा.

मला तो शॉट परत मिळाला तरी मी बदलणार नाही. आणि यात मला विसंगती दिसत नाही, कारण हरण्याचं गणित कार्यालयात मांडलं जातं, मैदानात नाही. कुणाला खेळवायचं, कुणाला विश्रांती द्यायची, कुणाला विकायचं हे व्यवस्थापन ठरवतं. जो पोरगा मैदानात उतरतो त्याच्यासाठी प्रत्येक ताबा म्हणजे त्याची रोजीरोटी असते. पुढच्या वर्षी येणारी निवड कदाचित त्याचीच जागा घेणार असते. तो का हरेल? कॅरिंग्टन त्या हंगामात ८२ पैकी ८२ सामने खेळला. ६० हून अधिक पराभव पचवून शेवटच्या दिवशी शेवटचा शॉट मागून घेणारा खेळाडू मला हवा आहे. सहाव्याऐवजी पाचवा क्रमांक मिळाल्याने तो गुण विकत मिळत नाही.

पण तुमच्या प्रश्नाचा एक भाग माझ्या या उत्तरात बसत नाही, तो मान्य करतो. तिकीट काढून येणारा माणूस कार्यालय आणि मैदान असे दोन हिशोब ठेवत नाही. तो सामना बघायला येतो, आणि संघाने त्या रात्री जिंकायचा पुरता प्रयत्न केलेला नसतो. हे त्याच्याशी प्रामाणिक नाही. मूळ लेखात मी याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती, लिहायला हवी होती.

आता २८ विजयांचं. हा आकडा मी मागे घेतो. तुम्ही त्यावर फक्त ‘कशाच्या जोरावर?’ एवढंच विचारलंत. मी हिशोब मांडायला बसलो तेव्हा लक्षात आलं की माझ्याच लेखातली दुसरी माहिती या आकड्याच्या विरोधात जाते.

डिसेंबर २०२० मध्ये आपण जॉन वॉल देऊन ह्यूस्टनकडून रसेल वेस्टब्रुक घेतला. सोबत ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतली एक निवडही अटी घालून दिली. ती निवड हातोहात फिरत न्यूयॉर्क निक्सकडे गेली. दरवर्षी अटींमुळे ती आपल्याकडेच राहिली आणि कर्ज पुढे सरकलं. २०२६ हे त्याचं शेवटचं वर्ष. आपली निवड पहिल्या आठात आली तर ती आपली, नवव्या क्रमांकावर किंवा खाली गेली तर निक्सची. आणि आपल्याकडे राहिली तर पहिल्या फेरीचं हे देणं कायमचं संपतं, बदल्यात दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी द्यायच्या.

लॉटरीचा नियम असा की तळातला संघ फार तर चार जागा घसरतो. सर्वांत शेवटचा पाचव्यापर्यंत, त्याच्या वरचा सहाव्यापर्यंत, तिसरा सातव्यापर्यंत, चौथा आठव्यापर्यंत. म्हणजे निवड शंभर टक्के वाचवायची तर तळच्या चारात राहावंच लागेल. २८ विजय मिळवून तळच्या चारात राहता येणं फार अवघड. जो माणूस लेखाच्या एका परिच्छेदात हे कलम समजावून सांगतो त्याने दुसऱ्या परिच्छेदात २८ लिहायला नको होतं. माझा आजचा अंदाज २१. तोही मला आवडत नाही, पण तो मला जे माहीत आहे त्याच्याशी जुळतो.

इथे तुम्ही म्हणाल, झालं, म्हणजे आणखी एक वर्ष मुद्दाम हरायचं. हो, बहुधा तसंच होईल. याच कारणासाठी मी म्हणतो की या हंगामात विजय मोजू नका. संघ गुणतक्त्यात जे दाखवेल ते त्या कलमाने वाकवलेलं असेल. खरी परीक्षा २०२६-२७ मध्ये, जेव्हा हरून काही वाचवायचं उरलेलं नसेल. तोपर्यंत सीजे मॅकॉलम आणि ख्रिस मिडलटन यांचे करारही संपलेले असतील, दोघांचे मिळून सहा कोटी डॉलरहून जास्त. जॉर्डन पूलला पाठवून मॅकॉलम घेतल्याचा तुम्हाला राग आहे. पूल आपला सर्वांत जास्त गुण करणारा खेळाडू होता हे खरं. पण त्याच्या कराराची आणखी दोन वर्षं बाकी होती, मॅकॉलमचं एकच. शिवाय पूलच्या हातात चेंडू असताना पोरांनी बघत उभं राहायचं, हे चित्र दोन वर्षं आपण दोघांनीही पाहिलं आहे.

डेट्रॉइटबद्दल मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. ‘एका वर्षात’ हे बरोबर नाही. केड कनिंगहॅम २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर आला. त्यानंतर डेट्रॉइटने जिंकलेले सामने बघा : २३, मग १७, मग १४. हातात तारा असताना तीन वर्षं संघ खाली खाली गेला. २०२३-२४ मध्ये ओळीने २८ सामने हरले. त्या वेळी डेट्रॉइटचे चाहते तुमच्यासारखंच लिहीत होते आणि त्यांचंही चुकत नव्हतं. पुढच्या वर्षी ४४ जिंकले. मध्ये काय झालं? लॉटरीने काही दिलं नाही : दोन वर्षं सर्वांत तळाला राहून दोन्ही वेळा पाचवाच क्रमांक मिळाला. झालं ते असं की प्रशिक्षक बदलला, जे. बी. बिकरस्टाफ आले. टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनिअर आणि मलिक बीझली असे अनुभवी शूटर आले. बीझलीने त्या हंगामात ३१९ थ्री-पॉइंटर, म्हणजे तीन गुणांचे लांबचे शॉट, यशस्वी केले. आत घुसणाऱ्या केडला मोकळी जागा मिळाली आणि तो लीगच्या तिसऱ्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. पोरं तीच होती, त्यांच्या भोवतालची माणसं बदलली.

उलट उदाहरण सॅन अँटोनिओचं. व्हिक्टर वेंबन्यामा यायच्या आधी २२-६०. वेंबन्यामा आल्यावर पहिल्या हंगामात पुन्हा २२-६०. गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत चर्चेत असलेला नवखा खेळाडू आला, आणि नोंद जशीच्या तशी! म्हणून लॉटरीत फ्लॅग हुकला याचं दुःख मी चार दिवस केलं आणि सोडून दिलं. ज्या संघाची सगळी आशा चिठ्ठीवर टेकलेली असते त्याच्याकडे आशाच नसते. २००१ मध्ये आपल्यालाही पहिला क्रमांक मिळाला होता. मायकल जॉर्डन तेव्हा कार्यालयात बसत होते, आणि आपण क्वामे ब्राउन निवडला.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मात्र थेट काळजाला भिडलं, ‘अरीनासच्या काळापासून पाहतोय, आता थकलो.’ (गिल्बर्ट अरीनास, २००० च्या दशकातला आपला तारा.) हा थकवा मलाही ठाऊक आहे, पण तो मला या दोन वर्षांनी दिला नाही. मला थकवलं ते आधीच्या काळाने. १९७८ मध्ये एकमेव विजेतेपद, १९७९ मध्ये अंतिम फेरी, आणि तेव्हापासून एकाही हंगामात ५० विजय नाहीत. २०१७ मध्ये ४९ वर अडलो आणि बॉस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात संपलो. तो १९७९ नंतरचा आपला सर्वांत चांगला संघ. मग ना धड वर, ना धड खाली. २०२१-२२ मध्ये ३५-४७, २०२२-२३ मध्ये पुन्हा नेमकं ३५-४७. त्यातच ब्रॅडली बीलला पाच वर्षांसाठी २५ कोटी १० लाख डॉलर आणि वर त्याच्या संमतीशिवाय विकता येणार नाही असं कलम. वर्षभरात त्याला विकायची वेळ आली तेव्हा कुठे जायचं ते त्यानेच ठरवलं, आणि आपल्या हाती धुपाटणं आलं. ३५ विजयांच्या त्या वर्षांत मला पुढचं काहीच दिसत नव्हतं. १८ विजयांच्या वर्षात दिसतं. हे तुम्हाला उलटं वाटेल, पण मला खरोखर तसं वाटतं.

काय दिसतं, ते सांगतो. मुख्यतः २०२४ च्या ड्राफ्टमधून आलेला आपला तरुण खेळाडू ॲलेक्स सार.

जुलै २०२४ मध्ये समर लीगच्या, म्हणजे नवख्यांसाठीच्या उन्हाळी सामन्यांतल्या, एका सामन्यात त्याने १५ शॉट घेतले आणि एकही गेला नाही. सगळीकडे त्याची थट्टा झाली. त्याच पोराने हंगाम संपवला तो नवख्यांच्या पहिल्या सर्वोत्तम संघात. सरासरी १३ गुण, सामन्यागणिक दीड ब्लॉक. पण सात फुटी खेळाडूचे ४० टक्क्यांहूनही कमी शॉट जात असतील तर ते चालणार नाही, आणि कारण उघड आहे. तो रिंगपासून पळतो. अंगाला अंग लागण्याआधी चेंडू सोडून देतो, नाहीतर तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहतो, जिथून त्याचे तीनातला एक शॉटही धड जात नाही. बचावात मात्र तो वेगळाच माणूस आहे. छोट्या गार्डसमोर पाय हलवत टिकतो, मागे राहिला तरी पोचून ब्लॉक करतो. हे शिकवून येत नाही. रिंगकडे जाणं शिकवून येतं, खांदा लावणं शिकवून येतं. प्रशिक्षक ब्रायन कीफ यांनी या हंगामात एवढं एकच केलं तरी माझ्या मते हंगाम सार्थकी लागला.

२०२५ च्या त्या सहाव्या निवडीतून आलेल्या ट्रे जॉन्सनबद्दल तुम्ही ‘सहाव्या क्रमांकाचं सांत्वन’ असं लिहिलंत, ते मला रुचलं नाही. टेक्सस विद्यापीठातल्या एका वर्षात सरासरी जवळजवळ २० गुण, आणि थ्री-पॉइंटर ४० टक्क्यांच्या जरासे खाली. डेट्रॉइटमध्ये जी मोकळी जागा बीझलीने करून दिली ती सारसाठी करून देणारा हात हाच असू शकतो. आपला आणखी एक तरुण खेळाडू बिलाल कुलिबाली, त्याच्या बचावावर माझा विश्वास आहे, आक्रमणावर अजून नाही.

तळातून वर आलेल्या ओक्लाहोमा सिटीच्या संघाशी तुलना मी लेखात फार सहज केली होती, तुम्ही तिथेही पकडलंत. आपले जनरल मॅनेजर विल डॉकिन्स तिथेच घडले म्हणून वाट आपोआप तीच होत नाही. ओक्लाहोमाने २२ आणि २४ विजयांचे हंगाम काढले तेव्हा त्यांचा तारा शे गिल्जस-अलेक्झांडर आधीच संघात होता, आणि तो ड्राफ्टमधल्या त्यांच्या निवडीने नाही, पॉल जॉर्जच्या व्यवहारातून आला होता. २०२५-२६ सुरू होताना आपल्याकडे तसा कुणीच नाही. सार तसा होईल असंही मी म्हणत नाही. तो खेळाडू यायचा असेल तर बहुतेक २०२६ च्या ड्राफ्टमधून किंवा त्या मोकळ्या होणाऱ्या पैशांतून येईल.

मूळ लेखात २८ च्या जागी २१ केलं आहे, शेजारी तुमच्या आक्षेपाचा उल्लेखही टाकला आहे. तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाबद्दलचा परिच्छेद आज रात्री लिहून जोडतो. आणि जानेवारी संपताना सारचे शॉट आपण दोघं मिळून बघू. तेव्हाही तो रेषेबाहेरच उभा असेल, तर धीराबद्दल मी जे लिहिलं ते चुकलं असं याच जागी लिहीन. तो रिंगकडे जायला लागला असेल, तर तुम्ही काय लिहाल ते वाचायची मला उत्सुकता आहे.