वरळीचा टॉवर दिसतो, वरळीच्या बातम्या दिसत नाहीत

परवा पुन्हा तेच. संध्याकाळचे सात, बाहेर धो धो पाऊस, अण्णा चष्मा पुसून सह्याद्रीच्या बातम्यांना बसलेले, आणि पडद्यावर पाटी : सिग्नल उपलब्ध नाही. लोकल कुठपर्यंत चालू आहेत, उद्या शाळांना सुट्टी आहे का, हे कळायला हवं नेमकं त्याच दिवशी. कोरड्या दिवसांत सतराशे साठ चॅनेल दिसतात. ती आम्ही लावतसुद्धा नाही.

डिशवाल्यांच्या कस्टमर केअरला फोन केला. मराठीसाठी दोन दाबा, दाबलं, पलीकडून हिंदी. "सर, बारिश रुकने के बाद अपने आप आ जाएगा." अहो, मुंबईचा जुलै आहे हा. कधी रुकणार, गणपतीनंतर?

आता डोक्यात कुठे जातं ते सांगतो. आम्ही प्रभादेवीला राहतो. दूरदर्शनचं केंद्र वरळीला, इथून दोन-अडीच किलोमीटर. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेतून वाट काढत चालत गेलो तरी पोचेन. केंद्राचा टॉवर आमच्या गच्चीवरून दिसतो. पूर्वी अख्खा दिसायचा, समोर चाळीस मजली धूड उभं राहिल्यापासून नुसता शेंडा. तर ही बातमी वरळीत वाचतात, तिथून ती छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रहाकडे जाते, तितकीच खाली येते आणि आमच्या डोक्यावरच्या ढगात येऊन अडकते! दादरहून परळला जायला कुणी दिल्लीमार्गे तिकीट काढतं का?

त्यात नवल काहीच नाही म्हणे. डिशच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या, जोराचा पाऊस त्यांना खाऊन टाकतो. जुन्या अँटेनाच्या लहरी काही मीटर लांबीच्या, त्यांना पावसाचं सोयरसुतक नसायचं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या टॉवरमुळे ते पुण्यात दिसायला लागलं. घाट ओलांडून! आणि आज वरळीहून प्रभादेवीला यायला त्याला जमत नाही.

म्हटलं, डिश राहू दे, शेजारी एक अँटेना लावू. दोन्ही वायरी टीव्हीला, पाऊस आला की इकडून तिकडे. इतकी साधी गोष्ट. पण अण्णांच्या काळातलं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण २०२१ पर्यंत देशात जवळजवळ सगळीकडे बंद झालं, म्हणजे जुना अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आता कावळ्यांना बसायला. त्याच्या जागी २०१६ मध्ये मुंबईसह सोळा शहरांत डिजिटल प्रक्षेपण आणलं होतं, डीव्हीबी-टी२ नावाचं. तुम्हाला माहीत होतं? मलाही नव्हतं. त्यासाठी वेगळा ट्यूनर लागतो. तो शोधत लॅमिंग्टन रोड पालथा घातला. पहिल्या दुकानदाराने मला डिशचा रिमोट दाखवला, दुसऱ्याने कारचा अँटेना. तिसरा म्हणाला, "अंकल, वो कौन देखता है अभी?" मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. अंकल!

आता मॅचचं ऐका, हे तर पावसापेक्षा भारी. १५ नोव्हेंबर २०२३, वर्ल्ड कपची सेमीफायनल, भारत-न्यूझीलंड, वानखेडेवर. म्हणजे आमच्याच गावात. स्पोर्ट्स चॅनेलचे जादा पैसे आम्ही भरत नाही, अण्णा म्हणाले, "अरे, दूरदर्शनवर आहे ना, लाव." लावलं, तर आमच्या डिशवर दूरदर्शनच्या चॅनेलवर भलतंच काहीतरी. हा बिघाड नव्हे, कायदा आहे. २००७ च्या कायद्याप्रमाणे महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं, पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या, म्हणजे अँटेनाच्या, प्रक्षेपणावर आणि फ्री डिश या त्यांच्याच फुकटच्या डिश सेवेवरच दाखवायचं, खासगी केबल-डिशवाल्यांनी नाही. ज्याने कोट्यवधी मोजून हक्क घेतले त्याचं नुकसान नको, हे मला पटतं. पण मग ग्राहकाला सांगा ना! २०१९ मध्ये नुसत्या जोडणीचे १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे महिन्याला घ्यायला लागलात, तेव्हा यादीत दूरदर्शनची चॅनेल मोठ्या थाटात सक्तीची म्हणून दाखवलीत. आत मॅच नाही हे कुठे लिहिलंत?

मोबाइलवर फुकट होती, मान्य. अण्णांचा मोतीबिंदू आणि तो वीतभर पडदा. चेंडू दिसत नाही म्हणून ते नुसते समालोचन ऐकत बसले होते.

मग फ्री डिश घेऊ म्हटलं. तिचा उपग्रह वेगळा, आमच्या ताटलीचं तोंड दुसरीकडे, म्हणजे गच्चीवर दुसरी ताटली आली. सेक्रेटरींकडे गेलो. "गच्चीला वॉटरप्रूफिंग केलंय, एक भोक पाडलंत तर गॅरंटी जाईल." मोबाइल कंपनीचा एवढा थोरला खांब उभा केलाय त्याच गच्चीवर, तो काय डिंकाने चिकटवलाय? त्याचं भाडं येतं सोसायटीला. माझ्या ताटलीचं येणार नाही.

आणि गंमत म्हणजे आमच्या वॉचमनच्या केबिनवर फ्री डिश आहे. पत्र्याला तारेने बांधलेली, एकदा पैसे दिले, महिन्याचा खर्च शून्य. त्या सेमीफायनलला कोहलीचं पन्नासावं वनडे शतक आणि शमीच्या सात विकेट त्याने सगळं आरामात पाहिलं. हे कळल्यापासून मॅच असली की अण्णा काठी टेकत खाली जातात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात, तो त्यांना चहा देतो. घरी मी दर महिन्याला रिचार्ज मारतो.

काल लिफ्टपाशी नोटीस लागली आहे : रहिवाशांनी वॉचमनच्या केबिनमध्ये बसू नये.