ताइको वाजवणारे दिसतात, बनवणारे कुठे आहेत?

ताइको, म्हणजे जपानी ढोलवादन, मोबाईलवर ऐकून ‘हो, छान आहे’ म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: तिकीट काढा आणि समोर जाऊन बसा. टोकियोत ‘कोदो’ या ताइको मंडळीचा प्रयोग पाहिल्यापासून मी हे भेटेल त्याला सांगते आहे. ओदाइको, म्हणजे अख्ख्या खोडातून कोरलेला प्रचंड ढोल, वाजायला लागला की आवाज कानाआधी छातीत पोचतो. वाजवणारा आपल्याकडे पाठ करून उभा. अंगावर लंगोट, कपाळाला पट्टी. चेहरा दिसतच नाही, पण पुढचा घाव कधी पडणार ते आपण त्या पाठीवरून ओळखायला लागतो. पलीकडच्या तोंडावर दुसरा कलाकार ठेका धरून असतो. त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, पण तो चुकला तर सगळं कोसळेल.

त्याहून मला धरून ठेवलं ते हळू वाजण्यानं. दोऱ्यांनी आवळलेले छोटे शिमे-दाइको घेऊन काही जण ओळीनं बसले आणि इतकं हळू सुरू केलं, की वाजतंय की भास होतोय ते कळेना. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

प्रयोगानंतर लोक ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं म्हणत बाहेर पडतात. ढोल जुना आहेच, देवळांत आणि जत्रांत तो शतकानुशतकं वाजतोय. पण लहानमोठे ढोल एकत्र आणून रंगमंचावर मेळ बसवायची रीत १९५१ सालची, नागानोतल्या दाइहाची ओगुची या जॅझ ड्रमरची. जपानच्या सादो बेटावर १९७१ मध्ये ‘ओंदेकोझा’ ही ढोलवादकांची मंडळी जमली, तिच्यातून १९८१ मध्ये ‘कोदो’ निघाली आणि तिचं पहिलं सादरीकरण बर्लिनला झालं. यानं ताइकोचं मोल कमी होतं असं मला अजिबात वाटत नाही. पण परंपरेचं नाव घ्यायचंच असेल, तर ज्यांच्या घरात ती खरोखर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली त्यांचं आधी घ्या. ते ढोल बनवणारे.

त्यांचं काम काय असतं? खोड आतून कोरायचं आणि कित्येक वर्षं सुकू द्यायचं. गाईचं कातडं केस काढून, तासून तयार करायचं. मग ते दोरांनी ताणायचं, वर उभं राहून पायांनी तुडवायचं, पुन्हा ताणायचं आणि सूर हवा तिथं आला की खिळे ठोकायचे. खिळे बसले की सूर पक्का, म्हणून सगळी भिस्त त्या कारागिराच्या कानावर.

आणि हेच कातड्याचं काम करणाऱ्यांना जपाननं अस्पृश्यासारखं वेशीबाहेर ठेवलं. १८७१ च्या हुकमानं कायद्यातला भेद संपला, लोकांच्या मनातला नाही. १९७५ मध्ये उघडकीला आलं, की अशा बुराकु, म्हणजे वेशीबाहेर ठेवलेल्यांच्या, वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या कंपन्या विकत घेत होत्या, नोकरी मागायला आलेल्यांना गाळण्यासाठी! ओसाकातली नानिवा ही अशीच एक जुनी वस्ती, चामड्यासाठी आणि ढोलांसाठी नावाजलेली. तिथं बनलेले ढोल वाजवायचे दुसरेच. अखेर १९८७ मध्ये तिथल्या तरुणांनी ‘इकारी’ हे स्वतःचं पथक काढलं आणि भेदभावाविरुद्ध उभं राहून तेच ढोल वाजवले. हे वाचलं तेव्हा ओदाइकोपुढे बसून आला होता तसाच शहारा आला.

मराठी माणसाला यातलं काही वेगळं समजावून सांगायला नको. हलगी कडाडल्याशिवाय आपली जत्रा, कुस्तीचा फड रंगत नाही आणि ती वाजवणाऱ्या मातंग समाजाला गावानं कुठं ठेवलं होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून मला वाटतं, ताइकोच्या प्रत्येक प्रयोगाच्या माहितीपत्रकात वादकांच्या शेजारी ढोल कुणी बनवले, कातडं कुणी तयार केलं हेही छापलं पाहिजे. ढोल-ताशाच्या आणि हलगीच्या कार्यक्रमांतही मंचावरून हे सांगितलं पाहिजे. तुमच्या गावाकडे हलगीला कातडं कुठून येतं, ती मढवतात कशी, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी खाली जरूर लिहा. मला वाचायचं आहे.